आई, पूल आला

“आई, पूल आला बरं का! आम्ही पलीकडे निघालोय. तूही चल!”

थोंगसुकने पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून आरोळी ठोकली. पुलावरून सायकल ढकलत निघालेल्या एका म्हाताऱ्याने दचकून मागे पाहिलं, पण हाक त्याच्यासाठी नव्हती. हाक होती थोंगसुकच्या आईसाठी, आणि आई शेजारी बसलेल्या बायकोच्या, लमुनच्या मांडीवर होती. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या, पांढऱ्याच दोऱ्याने बांधलेल्या वीतभर कलशात.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला रस्ता सांगावा लागतो. अस्थी बिचाऱ्या न्याल तिकडे येतात, पण आत्म्याचं तसं नाही. त्याला आपणहून पाणी ओलांडता येत नाही. आपल्या माणसाने प्रत्येक पुलावर हाक मारून सोबत घ्यावं लागतं. एक पूल जरी चुकला, तरी आत्मा अलीकडच्या काठावर उभा राहतो आणि गावातल्या देवळात नुसती हाडं पोचतात. दुआंगमामाने, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, फोनवर हे थोंगसुकला परत परत बजावलं होतं.

“शेजारच्या गावातल्या पोंगचं काय झालं, ठाऊक आहे ना? पोरं अस्थी घेऊन गप्पा छाटत आली. म्हातारा अजून मून नदीच्या पुलावर उभा राहून ट्रकवाल्यांना हात करतो.”

“कुणी पाहिला, मामा?”

“ट्रकवाल्यांनी! आणखी कोण पाहणार?”

आईच्या बाबतीत थोंगसुकला कसलीच जोखीम घ्यायची नव्हती, कारण सुबान म्हातारीने मरताना मागितलं होतं ते एवढंच, “मला इथं ठेवू नका. घरी न्या.”

‘इथं’ म्हणजे दक्षिणेत. आमच्या ईशान्येकडच्या भागातली शेती एका पिकावर चालते आणि पोट बारा महिने चालतं, म्हणून सात वर्षांपूर्वी थोंगसुक आणि लमुन रबराच्या बागेत चीक काढायला दक्षिणेत गेले. म्हातारीला एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिलाही नेलं. तिला तिकडचं काही म्हणता काही आवडलं नाही. भात मोकळा, माणसं घाईने बोलणारी, आणि पाऊस असा की उसंत नाही. तिने घरून दोनच वस्तू आणल्या होत्या. एक चिकट भात उकडायची बांबूची टोपली आणि दुसरं प्लाराचं मडकं. प्लारा म्हणजे मीठ आणि कोंडा लावून वर्षभर मुरवलेली मासळी. तिच्याशिवाय आमच्याकडे घास उतरत नाही, आणि तिच्या वासाने इतर मुलखातली माणसं घर सोडून पळतात.

घरमालकीण पळाली नाही, चार वर्षं नाक धरून राहिली आणि मग भांडायला आली. ती स्वतः सातोच्या शेंगा खाणारी बाई, त्यांचा वास दोन दिवस अंगाला राहतो. पण तिच्या घरात ती शहाणी. तिने लमुनला सुनावलं, “एकतर ते मडकं जाईल, नाहीतर तुम्ही.” लमुनने मुकाट्याने मडकं उचललं आणि बागेच्या टोकाला झाडाखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी एका घोरपडीने ते आडवं केलं. म्हातारी बघायला गेली तेव्हा खापऱ्या होत्या, मासळी नव्हती आणि घोरपड झाडावर बसून जिभल्या चाटत होती.

म्हातारीने घोरपडीला माफ केलं. सुनेशी मात्र बोलणं टाकलं.

“तुझ्या बायकोला सांग, भात करपतोय.” लमुन दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. तीही कमी नव्हती. “तुमच्या आईला सांगा, विस्तव केव्हाच ओढलाय.” तीन वर्षं थोंगसुक आपल्याच घरात टपालवाला होऊन राहिला. एवढंच कशाला, म्हातारीने अखेरचा श्वास घेतला तोही याच वाक्यावर. लमुन तिचे पाय चोळत बसली होती. म्हातारीने मुलाकडे पाहिलं, म्हणाली, “तुझ्या बायकोला सांग...” आणि संपलं. काय सांगायचं होतं ते तिच्याबरोबर गेलं. त्या दिवसापासून लमुनला नीट झोप लागलेली नव्हती, पण हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

आता बाग सोडली होती, भांडीकुंडी मागे बांधली होती आणि तिघं कायमची घरी निघाली होती.

थोंगसुक काम करायचा ते चोख. पूल म्हणजे काय, हे मामाने सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने काहीच सोडायचं नाही असं ठरवलं. दक्षिणेत पावलागणिक ओढा.

“अहो, ही नुसती मोरी आहे,” लमुन म्हणाली.

“खालून पाणी जातं ना?”

“पाणी नळातूनही जातं.”

“आई, मोरी आली बरं का! चल!”

अशा रीतीने दुपारपर्यंत त्याच्या घशाला कोरड पडली, आवाज घोगरा झाला, मग चिरका झाला, आणि भातशेती संपून मिठागरं दिसू लागली तेव्हा तोंडातून नुसता वारा यायला लागला. पेट्रोल पंपावर थांबून तो आल्याचं गरम पाणी प्याला. वारा गरम झाला, इतकंच.

“आता तू बोल,” तो कुजबुजला.

“मी?” लमुनने कलश घट्ट धरला. “त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.”

“आता कुठं बोलायचंय तिला? तूच बोलायचंय.”

“मी हाक मारली आणि त्या नाही आल्या तर? हट्टाने काठावरच बसल्या तर? तुम्ही कुजबुजा, चालेल.”

“डाव्या कानाने बहिरी होती ती.”

“मग उजवीकडून कुजबुजा.”

पुढच्या पुलावर थोंगसुकने हॉर्न वाजवला. लमुन भडकली. “आईला हॉर्न वाजवून बोलावता? त्या काय म्हैस आहेत?” मग त्याने दुआंगमामाला फोन लावून फोन कलशाजवळ धरायला सांगितला. ही युक्ती चांगली होती. मामाचा आवाज दणदणीत होता आणि नातंही जवळचं होतं. पण मामाला माहिती हवी होती.

“पूल कुठला? मोठा की लहान? पाणी आहे का खाली?” मामा विचारत राहिला, आणि “ताई, चल गं!” असं तो ओरडला तेव्हा पिकअप पूल ओलांडून एका भाताच्या गिरणीपाशी आली होती. पुढच्या पुलाला त्याने घाई केली आणि अलीकडच्या बाजारातच हाक मारून टाकली. ताई बाजारात उतरली की काय, यावर नवराबायकोची जुंपली. एकाला आवाज नाही आणि दुसरी ऐकून घेत नाही, त्यामुळे भांडण रंगलं. इतकं रंगलं की रस्ता वर चढला, दोन्ही बाजूंना आभाळ आलं, खाली रुंद तपकिरी पाण्यात बोटी दिसल्या, रस्ता खाली उतरला, आणि मग लमुनचं तोंड उघडंच राहिलं.

“अहो. ती ताचीन नदी होती.”

थोंगसुकने गाडी कडेला घेतली. दोघंही कलशाकडे पाहत राहिले. लमुनला तो एकाएकी हलका वाटायला लागला. आईला हट्टाने दक्षिणेत नेलं, तिथं मरू दिलं, आणि आता परक्या मुलखात, ट्रकांच्या गर्दीत, पुलाच्या तोंडाशी एकटं सोडलं, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

“मागे फिरवा,” ती म्हणाली.

महामार्गावर मागे फिरणं सोपं नसतं. बरंच पुढे जाऊन यू-टर्न मिळाला, तोही उड्डाणपुलावरून. थोंगसुकने सवयीने तोंड उघडलं.

“कुणाला सांगताय?” लमुन म्हणाली. “त्या मागे राहिल्यात.”

हे बरोबर होतं. रिकाम्या मनाने त्यांनी नदी पुन्हा ओलांडली, पलीकडे आणखी एक वळसा घेतला आणि पुलाच्या पायथ्याशी, जिथे थांबायला सक्त मनाई अशी मोठी पाटी होती, बरोबर तिच्याखाली गाडी उभी केली. आईला शोधायला तीच खूण बरी होती.

मोटारसायकलवरचा पोलीस लगेच आला.

“गाडी बिघडली?”

“नाही,” लमुन म्हणाली.

“मग इथं काय करताय? पाटी दिसत नाही?”

“सासूबाई राहिल्या.”

पोलिसाने रस्त्यावर मागेपुढे पाहिलं. “कुठं उतरल्या?”

“उतरल्या नाहीत. आम्हीच न सांगता पुढं गेलो.”

पोलिसाची नजर तिच्या मांडीकडे गेली. त्याने हेल्मेट काढलं, हात जोडले, आणि पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यात आमच्याकडचा हेल होता. तो कालासिनचा निघाला.

“मोठी चूक केलीत, ताई. बोलवा, बोलवा लवकर.”

थोंगसुकने गळ्याकडे बोट दाखवलं आणि तोंडातून नुसता वारा काढला. पोलीस लमुनकडे वळला. “मग तुम्ही. तोवर मी गाड्या धरतो.”

त्याने खरंच मधे उभं राहून हात वर केला. मागे एक बर्फाचा ट्रक थांबला, त्याच्या मागे बस थांबली आणि बघता बघता रांग लागली. लमुन कलश घेऊन खाली उतरली. एवढ्या लोकांदेखत ती लग्नातही उभी राहिली नव्हती.

“आई, पूल आलाय. या,” ती पुटपुटली.

पोलिसाने मान हलवली. “असं बोलावल्यावर माझी आई जेवायलासुद्धा आली नसती.”

बर्फाच्या ट्रकने हॉर्न दिला. का कोण जाणे, त्या हॉर्नने लमुनच्या आत काहीतरी सुटलं.

“आई!” ती ओरडली. “मडकं मी फोडलं नाही! घोरपडीनं फोडलं! तुम्हाला ते माहीत होतं! मी बाहेर ठेवलं हे खरं, पण नसतं ठेवलं तर आपण तिघं बाहेर असतो. कुठं गेलो असतो? हे तुम्हाला सांगायला तीन वर्षं मी दारात उभी होते, आणि तुम्ही ‘तुझ्या बायकोला सांग’, ‘तुझ्या बायकोला सांग’! शेवटीसुद्धा तेच! काय सांगायचं होतं? बोला की! तीच बायको उभी आहे समोर. मला सांगा!”

बर्फवाल्याने हॉर्नवरचा हात काढला होता. बर्फाचं पाणी मात्र रस्त्यावर ठिबकत होतं.

लमुनने डोळे पुसले. “बरं, नका सांगू,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “चला आता. घरी गेल्यावर नवं मडकं आणू. ऊन फार आहे इथं.”

ती गाडीत बसली. “आल्या,” असं तिने नवऱ्याला सांगितलं. कशावरून, हे विचारायला थोंगसुककडे आवाज नव्हता, आणि असता तरी त्याने विचारलं नसतं.

पुढचे सगळे पूल लमुनने सांगितले. आधी नुसते पूल सांगितले, मग पुलांमधला रस्ताही सांगितला. “आई, घाट लागला. आई, आता आपल्याकडची तांबडी माती दिसायला लागली. आई, कोंबडी भाजतायत, तुम्हाला मान आवडते ना?” मानेचा तुकडा चिकट भातासकट कलशापुढे ठेवला गेला. थोंगसुक गाडी हाकत होता आणि ऐकत होता. तीन वर्षांत प्रथमच त्याच्यामार्फत काही सांगायचं नव्हतं.

ची नदीचा पूल ओलांडल्यावर गाव आलं. दुआंगमामा देवळाच्या फाटकात उभाच होता.

“सगळे पूल सांगितलेत?”

“सगळे,” लमुन म्हणाली. “एक तर जरा जास्तच सांगितला.”

भिक्षूंनी मंत्र म्हटले, कलश देवळाच्या भिंतीत बसला, म्हातारी नवऱ्याच्या अस्थींशेजारी जाऊन विसावली. मामा रडला, थोंगसुक रडला. लमुनने उदबत्ती लावली आणि बराच वेळ तिथं बसून राहिली.

आठवड्याच्या बाजाराला दोघं पिकअप घेऊन निघाली. थोंगसुकचा आवाज परत आला होता. ची नदीचा पूल आला, आणि लमुन सवयीने खिडकीतून वाकली.

“आई, पूल आला! चला!”

थोंगसुकने करकचून ब्रेक मारला. “अगं, काय केलंस हे! एवढ्या लांबून आणून आत्ता कुठं बसवली, आणि तू तिला परत बाहेर काढलीस?”

लमुनचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मागे देवळाच्या शिखराकडे पाहिलं, मग पुढे बाजाराच्या रस्त्याकडे. मग सावरून बसली.

“मडकं घ्यायचंय,” ती म्हणाली. “त्यांना न विचारता घेतलं तर पुन्हा बोलायच्या नाहीत.”

बाजारात तिने एकेक मडकं टिचक्या मारून पाहिलं, कडा चाचपल्या, दोन परत ठेवली, आणि कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवत तिसरं उचललं. परतीच्या वाटेवर ते मडकं मांडीवर घेऊन ती बसली. पूल जवळ आला. बायकोची चूक आपण निस्तरावी म्हणून थोंगसुकने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि छातीत दम भरला.

लमुनने त्याची बाही धरून त्याला आत ओढलं.

“तुम्ही गाडी चालवा,” ती म्हणाली. “आमचं आम्ही बोलू.”