गाणं घ्यायचं का पंचनामा?

गफ्फारभाईच्या दुकानात कुणी गायकाच्या दारूचा विषय काढला, की त्याच्या हातातली कॅसेट तो काढून घ्यायचा. पैसे परत, कॅसेट फळीवर. वर विचारायचा, "गाणं घ्यायला आलास का पंचनामा कराया?"

लातुरात माझी खानावळ आणि त्याचं कॅसेटचं दुकान भिंतीला भिंत लागून. भूकंपानंतर शिकवण्यांना पोरांचे लोंढे यायला लागले. माझी चूल विझेना न् त्याचा टेप थांबेना. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारक्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. कुणाला गाणी भरून दिली, की स्क्रू-ड्रायव्हरनं हा त्या कट्‌दिशी मोडणार. "मावशी, उद्या एखाद्या पोट्ट्यानं याच्यावर मास्तरचं फिजिक्स भरलं तर?"

बालाजी आमच्याच गल्लीतला. भूकंपाच्या पत्र्याच्या शेडांतून गायला, मुंबईला गेला, पोस्टरवर झळकला. आणि मग बाटली. त्याचं गाणं किती जणांना येत होतं देव जाणे, पण तो कुठं पिऊन पडला ते गावाला तोंडपाठ! नांदेडच्या कार्यक्रमात त्यानं माईकवरून शिव्या दिल्या, रडला, पडला. कुणीतरी ते सगळं टेप केलं. आठ दिवसांत कॅसेट पानटपरीवर! मला सांगा, पाजली कुणी? कार्यक्रम ठेवणाऱ्यांनीच ना? तो झोकांड्या खात होता तेव्हा शिट्ट्या मारल्या कुणी? आणि मग हेच लोक नाकाला रुमाल लावणार! माझ्याकडची पोरं भाकरी मोडता मोडता ते ऐकून खिदळायची. एकाच्या ताटातली भाजी मी परत उचलली, खोटं नाही सांगत.

गफ्फारभाईनं तर फर्मानच काढलं. "ती घाण आणा, बदल्यात बालाजीची गाणी फुकट न्या." पोरं आणायची. तो त्याच कॅसेटवर गाणी भरायचा, पट्ट्या मोडायचा, परत द्यायचा. कारण एकच. बालाजीची आई, सरूबाई, रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर लेकाचं एक गाणं ऐकायला यायची. नांदेडनंतर लेकाचा पत्ता नव्हता. तिच्या कानावर ती कॅसेट जाऊ नये, एवढंच गफ्फारभाईला पाहिजे होतं.

एके दिवशी गाणं संपलं तरी ती उठेना.

"गफ्फार, ती दुसरी लाव की. नांदेडची."

"तसली कोणची न्हाई, माय."

"लोकं सांगून राहिलेत. मला हाक मारतो म्हणं त्याच्यात. गाणं समद्यांचं हाय रे बाबा. हाक माझी हाय."

गफ्फारभाईचं तोंड बघवेना. गावातली एकेक कॅसेट त्यानंच पुसली होती! दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो हिंडला. ज्या टपरीवाल्यांना शिव्या घातल्या होत्या, त्यांच्यापुढंच हात जोडले. शेवटी रेणापुरात एक मिळाली.

संध्याकाळी सरूबाईला आत बसवून त्यानं टेप लावला, शटर अर्धं ओढलं आणि बाहेर उभा राहिला. आतून शिव्या, मग रडणं, मग "माय गं, माय" अशी हाक. पोरं थबकली की हा डोळे वटारायचा, "काय बघून राहिले? क्लासला जा!"

मी चहा घेऊन गेले तेव्हा सरूबाई घरी गेली होती. गफ्फारभाई गल्ल्यावर खाली मान घालून बसला होता, आणि स्क्रू-ड्रायव्हरनं, अगदी हळू, त्या कॅसेटच्या पट्ट्या मोडत होता.