बाटलीतला पानमळा

गणपतराव येऊलांकडे जायचं तर आधी अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवावे लागत. साबणानं, दोनदा. मग ते स्वतः तुमच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधत आणि बजावत, "आत बोलाचं नाही. शिंकाचं तर मुळीच नाही."

अमरावतीच्या आमच्या गल्लीत भिक्षुकांची चार घरं होती, त्यातलंच एक आमचं. पण एवढं कडक सोवळं माझ्या आईच्या देवघरातही नव्हतं. आई विचारायची, "एवढं जपतात, तर कोणता देव बसवलाय आत?"

आत देव नव्हता, बाटल्या होत्या. सलाइनच्या, खोकल्याच्या औषधाच्या, मुरंब्याच्या, मिळेल त्या. तोंडाला कापसाचे बोळे, तळाशी नारळपाणी-साखरेचा जेलीसारखा थर आणि त्या थरावर मोहरीएवढा हिरवा ठिपका. तो ठिपका म्हणजे नागवेलीच्या शेंड्याचं टोक. एवढ्याशा टोकातून खाण्याच्या पानाची अख्खी वेल उभी करायची, असा गणपतरावांचा हट्ट होता. साठ सालानंतरची ही गोष्ट. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं होतं.

मी शाळेत मराठी शिकवायचो, ते कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. एकटा जीव. मूळचे अंजनगाव सुर्जीचे. तिथं त्यांच्या वडलांचा पानमळा होता, तो आता थोरले भाऊ विठ्ठलराव बघत. पानमळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही, देवळासारखं पाळतात. गणपतरावांना त्याचा कोण अभिमान! "लोक म्हनतात पाप लागते. पाप कशाचं, मास्तर? चपलेच्या मातीसंगं दुसऱ्याच्या मळ्यातला रोग येते! आमचे आजे-पंजे हुशार होते. फक्त कारन सांगाचं विसरले."

पण रोग चपला न घालताही आला. 'मर' म्हणतात त्याला. आज हिरवीगार दिसणारी वेल आठ दिवसांत माना टाकते. नवी वेल लावायची ती जुन्या वेलीचा तुकडा तोडून, त्यामुळे वेलीबरोबर रोगही मातीत जातो. हे गणपतरावांनी भावाला समजावून सांगितलं असतं तर गोष्ट निराळी. त्यांनी चार माणसांदेखत मळ्यात उभं राहून सांगितलं, "दादा, तूच आपल्या हातानं रोग लावून राह्यला!"

विठ्ठलरावांनी आयुष्यभर वेलींना पोरांसारखं वाढवलेलं. ते म्हणाले, "शिकला तर मलेच शिकवाले आला? मळ्यात पाय ठेवू नको पुन्हा."

त्या दिवसापासून बाटल्या सुरू झाल्या. शेंड्याच्या अगदी टोकापर्यंत रोग पोचत नाही, तेवढंच टोक घ्यायचं आणि त्यातून निरोगी वेल वाढवायची, असा बेत. विभागप्रमुखांकडे त्यांनी प्रयोगशाळेचा एक कोपरा मागितला. साहेब म्हणाले, "येऊल, तुम्ही काचसामान धुवा. संशोधनाला वरची पदवी लागते."

"काहून?" गणपतरावांनी विचारलं.

हा त्यांचा लाडका शब्द. 'होणार नाही' म्हटलं की "काहून नाही होनार?", 'मिळणार नाही' म्हटलं की "काहून नाही मिळनार?" साहेबांनी नियम दाखवला. गणपतराव घरी आले आणि स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली.

त्यात आमच्या घराचाही हातभार लागला, म्हणजे लावून घेतला. बाटल्या वाफवायला आईचं मोदकपात्र दोन दिवसांसाठी गेलं, ते गणेशचतुर्थी आली तरी परत येईना. आई स्वतः मागायला गेली. हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. "राहू दे," म्हणाली. "त्यात त्यांची पिल्लं शिजताहेत." त्या वर्षी आम्ही तळणीचे मोदक खाल्ले.

एकदा पोलीसही आला. दारूबंदीचे दिवस, आणि हा माणूस रोज पिशवीतून बाटल्या आणतो, नारळ आणतो, साखर आणतो, दार लावून काहीतरी उकळतो! कुणीतरी कळवलं असणार. हवालदार दारात येऊन गरजला, "काय गाळून राहिले?"

"आधी हात धुवा," गणपतराव म्हणाले.

"मी पोलीस आहो!"

"मंग दोनदा धुवा."

हवालदारानं धुतले. फळीवरच्या दोनशे बाटल्या पाहिल्या, एकीचा बोळा काढून वास घेतला. नारळपाण्याचा वास आला. गणपतराव मात्र असे किंचाळले की गल्ली गोळा झाली. उघडलेली बाटली बाद! "तीन महिने जगवली होती, साहेब! कोनतं कलम लावता तुमी खुनाले?" हवालदार माफी मागून गेला.

दोनशेतल्या एकशे नव्वद बाटल्या तशाही बादच व्हायच्या. कापसाच्या बोळ्यातूनसुद्धा बुरशी शिरायची. सकाळी उठावं तर हिरव्या ठिपक्यावर पांढरी लव. दुसरा कुणी डोक्याला हात लावून बसला असता. हे बाटलीसमोर उभे राहून बुरशीला सुनवायचे, "ये, अजून ये! पाहू, तू थकते का मी थकतो!" भिंतीपलीकडून आम्हाला रोज ऐकू यायचं.

असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी बुरशी थकली.

अकरा बाटल्यांमध्ये कोंब आले, मुळं फुटली, नखाएवढी पानं सुटली. बातमी कॉलेजात गेली आणि विभागप्रमुख स्वतः घरी आले. त्यांनाही नळावर उभं राहावं लागलं. फडक्याआडून ते म्हणाले, "येऊल, प्रयोगशाळा तुमचीच आहे. आपण दोघांच्या नावानं लेख..."

"साहेब," गणपतराव म्हणाले, "आत बोलाचं नाही."

रोपं कुंड्यांत रुळल्यावर प्रश्न आला तो अंजनगावला नेण्याचा. मळ्यात पाय ठेवायची मनाई होती, आणि हा माणूस आपण होऊन जाणाऱ्यातला नव्हता. शेवटी टोपली मांडीवर घेऊन एसटीनं मी गेलो. विठ्ठलराव बांधावर उभे होते. उंच, काळे, भावासारखेच ताठ. मळा अर्धा वाळला होता.

"त्यानं पाठवले?"

"हो. नव्या जागेत लावा म्हणाले. पाणी साचू देऊ नका आणि मोरचूद-चुन्याचं पाणी फवारा."

"ठेवा तिथं." एवढंच बोलून ते वळले.

परत आल्यावर गणपतरावांनी मला एवढंच विचारलं, "रोपं हलली तं नाहीत ना एसटीत?" भावाचं नाव काढलं नाही.

वर्ष गेलं. एका दुपारी विठ्ठलराव आमच्या ओसरीवर येऊन बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पाणी प्यायले.

"गणपतराव पाचला येतील कॉलेजातून," मी म्हणालो.

"त्याच्याकडं नाही आलो. तुमच्याकडं आलो. मले एक पत्र लिहून द्या."

"कुणाला?"

"गनपतले."

ते खाली बघत म्हणाले, "तो मले दर आठवड्याले पत्र लिहिते, मास्तर. ज्या दिवशी हाकललं, त्या दिवसापासून. वेली कशा आहेत, पाट फुटला का, तुझा गुडघा दुखते का. मले वाचता येत नाही हे त्याले ठाऊक आहे. पोस्टमन वाचून दाखवते. मी एकाचंबी उत्तर नाही धाडलं."

"अहो, ते शेजारीच राहतात. तोंडानंच सांगा."

"तोंडानं नाही होनार मले. तुमी लिहा."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत. अंगठा उमटवून ते पाचच्या आत निघून गेले.

संध्याकाळी मी पत्र नेऊन दिलं. गणपतरावांनी ते अंगणात उभ्यानंच वाचलं. मग पुन्हा वाचलं. चार ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"अक्षर तुमचं आहे," ते म्हणाले.

"हो. शब्द त्यांचे."

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "जरा वाचून दाखवता?" एम. एस्सी.ची पुस्तकं कोळून प्यालेला हा माणूस पायरीवर बसला आणि त्यानं डोळे मिटले. "मोठ्यानं वाचा. त्याच्यावानी."

मी वाचलं, "गनपत, अकराच्या अकरा वेली लागल्या. मांडवाच्या वर गेल्या. पानं तोडाले आलीत, पन म्या हात नाही लावला. तू ये, मंग तोडू."