भोर सरांची जुनी लायब्ररी

भोर सर माणसाला नावाआधी व्हर्जन विचारायचे. मंचरला पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. जिना चढून आलेल्याला चष्म्यावरून न्याहाळत ते म्हणायचे, "मिशी काढली व्हय? नवं व्हर्जन दिसतंय. जुनं काय वाईट व्हतं?" गिरणीवाल्याच्या दुसऱ्या लग्नात, आहेर देताना, त्यांनी नवरदेवाला हेच विचारलं. तेव्हापासून गिरणीवाला त्यांच्याशी बोलत नसे.

सरांना स्वतःला नवं काहीच चालायचं नाही. मुलं पुण्याला जाऊन नवंनवं शिकून येत होती आणि सर कॉम्प्युटरच्या सी भाषेच्या जुन्यापुराण्या व्हर्जनला चिकटून बसले होते. "बाकी कायबी बदला राव, लायब्ररीला हात लावायचा न्हाई." लायब्ररी हा शब्द ऐकून एकदा एक आजोबा पोथी मागायला वर आले. सरांनी त्यांना समजावलं, "लग्नाला पातेली कुनी घरी घडवतं का? देवळातली गावकीची आनत्यात. तशी ही लायब्ररी. स्क्रीन पुसायची, तारीख काढायची, कागद छापायचा, ही कामं तिच्यात तयार असत्यात. परत्येक प्रोग्राम तिथूनच घेतो." आजोबांना पटलं. जाताना त्यांनी दोन पातेली मागितली.

पिंपरी पेंढारच्या ज्या दूध केंद्रात मी हिशेब लिहायचो, तिथला प्रोग्राम सरांनीच केलेला. केंद्र सकाळ-संध्याकाळचं, पण एकदा काम तुंबलं म्हणून मी तो भर दुपारी चालू केला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काळ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: 'जेवलात का?'

मी मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. घाबरत एक कळ दाबली, स्क्रीन कोरी झाली आणि प्रोग्राम नेहमीसारखा चालू लागला.

दुसऱ्या दुपारीही तेच. पुढं कळलं की अवसरीच्या शाळेत, सरांनीच करून दिलेल्या निकालाच्या प्रोग्रामवरही हाच प्रश्न येतो, तोही दुपारीच. दोन्ही कॉम्प्युटरांत तारेचा एक धागा नव्हता. आमच्या चेअरमननं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मी त्यांना हसलो, पण दुपारी एकटा तिथं बसायचं मीही सोडून दिलं.

दोन हजार साल तोंडावर आलं. जुनी लायब्ररी सालाचे शेवटचे दोनच आकडे धरायची. दोन शून्यं आली की तिला एकोणीसशे वाटणार आणि आमचं दूध शंभर वर्षं मागं जाणार. मी मंचर गाठलं. म्हटलं, "सर, नवी लायब्ररी घेऊन प्रोग्राम पुन्हा बांधून द्या. आणि तेवढं भूत काढा."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भूत न्हाई ते, भाऊ. तुमची वहिनी हाय."

सरांच्या बायकोला, मालतीवहिनींना, जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"लायब्ररीतला माझा भाग कागदावरनं तीच टाइप करायची. मी मशीनपुढं बसलो की मला हाक ऐकू यायची न्हाई. म्हून तिनं स्क्रीन पुसायच्या कामात गुपचूप हे घातलं. घड्याळ बघतं आन दुपारी इचारतं. ते समद्यांच्या प्रोग्रामात जाईल, हे तिला काय ठावं! मी चिडून कळ दाबायचो. ती गेल्यावर, तेरावं उरकून मशीन लावलं, तर पुन्हा इचारलं."

"मग जुनी फ्लॉपीवर ठेवा की."

"ठिवली. पन कपाटातून कोन इचारत न्हाई."

"नव्या लायब्ररीत ती ओळ तुम्हीच घाला."

"घालीन. पन मंग मीच मला इचारनार."

जुनाच प्रोग्राम राहू द्या, असं सांगायला तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "न्हाई. लोकांचं दूध थांबायला नको."

मशीनमध्ये दोन लायब्रऱ्या मावत नव्हत्या. जुनी पुसण्याआधी त्यांनी एकदा प्रोग्राम चालवला. दुपारच होती. प्रश्न आला. सर उत्तर टाइप करू लागले आणि पहिल्याच अक्षराला स्क्रीन कोरी झाली.

"रोज असंच व्हतं," ते मला म्हणाले. "बाकीचं तोंडानं सांगतो."

मग कोऱ्या स्क्रीनकडं वळून ते हळूच म्हणाले, "न्हाई गं अजून. बसतोच आता." फोनवर पलीकडचं ऐकताना माणूस थांबतो, तसे थांबले. "बरं," म्हणाले, आणि नवी फ्लॉपी आत सारली.