टाकीतला श्वास

कुमुदताई उपासनी वारल्या, पण त्यांचा शेवटचा श्वास विमानाच्या टाकीत असल्यामुळे स्मशानभूमीने त्यांना परत पाठवलं.

"श्वास सुटल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही," तिथला माणूस म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

चूक असलीच तर कुमुदताईंच्या नवऱ्याची, श्रीनिवासरावांची. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. यांनी परसातल्या शेडमध्ये दोघांपुरतं विमान बांधायला घेतलं. पेट्रोलची टाकी गळते का हे बघायला तिच्यात थोडी हवा भरायची, एका तोंडाला फुगा बांधायचा आणि तो मऊ पडतो का ते पाहायचं. पंपाने हवा जास्त झाली तर पत्रा फुगतो, म्हणून ते नेहमी बायकोलाच फुंकायला सांगत. त्या दिवशी कुमुदताईंनी फुंकलं, यांनी नळी बंद केली, आणि ताई बसल्या जागी गेल्या.

स्मशानातून परत आल्यावर त्यांनी पदर खोचून कणीक मळली. श्वास नसल्यामुळे बोलता येईना, एवढंच. पण पुढे त्या थकत चालल्या. शेगडीपुढे बसूनही हात गार. पोळी लाटता लाटता थांबायच्या आणि दाराकडे बघत राहायच्या. श्रीनिवासरावांना हे दिसत होतं. पण रिकाम्या घराची त्यांना फार भीती वाटे, म्हणून ते दिसूनही न दिसल्यासारखं करत.

शेवटी नगरपालिकेचे श्वास-निरीक्षक घारपुरे आले.

"गळती सापडली तर श्वास सुटायला लागला असं धरतो. तो पूर्ण सुटला की वहिनींना नेता येईल. नाही सापडली तर टाकी आम्हाला उघडता येत नाही, पुढच्या वर्षी बघू."

श्रीनिवासराव ब्रशने टाकीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावू लागले. गळत असेल तिथे बुडबुडा येतो. पुढचा सांधा झाला, वरचा झाला, झाकणाभोवती झालं. कुठे काही नाही. मागच्या कोपऱ्यावर त्यांनी ब्रश फिरवलाच नाही.

"मागे?"

"मागचं मी पाहिलंय साहेब. ठणठणीत आहे."

घारपुरे मान डोलावून चपला घालून निघाले. तेवढ्यात कुमुदताई पिठाच्या हातांनीच शेडमध्ये आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, पाण्यात बुडवला आणि मागच्या कोपऱ्यावर फिरवला. बुडबुडा आला, फुगला, फुटला. मागोमाग दुसरा आला.

"अगं कुमुद!" श्रीनिवासरावांनी कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला. "मी बुजवतो गं. मला जरा वेळ दे."

कुमुदताईंनी हलकेच त्यांचा अंगठा बाजूला केला. श्रीनिवासरावांना रडू आवरेना.

"भोक बारीक आहे, बराच वेळ लागेल," घारपुरे म्हणाले. "नळी सोडून एकदम मोकळं करू का?"

"नको," श्रीनिवासराव म्हणाले. "होऊ दे सावकाश."

ते बायकोचा हात धरून टाकीशेजारी जमिनीवर बसले. घारपुऱ्यांनी चपला काढल्या आणि तेही जरा लांब बसले. एकेक बुडबुडा येत होता.