रिकाम्या हातानं गेलेल्यांची वही

अकोल्यात हमीदचाचांचं फवारणीच्या पंपांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पंप घेऊन निघालं, तर चाचा गादीवरून उठायचेही नाहीत. पण कोणी नुसता भाव विचारून, काही न घेता पायरी उतरलं, की चाचा वही घेऊन त्याच्यामागं रस्त्यापर्यंत जायचे. नाव काय, गाव कोणतं, कोणाचे, हे लिहून घेतल्याशिवाय बिचाऱ्याची सुटका नसे.

"घेनाऱ्याची आठवन बिलात राह्यते," ते मला म्हणायचे. "रिकाम्या हातानं गेला, त्याची कोन ठेवनार?"

मी तेव्हा पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडून वेबसाइट बनवायचा धंदा मांडला होता. अकोल्यात तेव्हा वेबसाइट विकणं म्हणजे तिथल्याच मे महिन्यात स्वेटर विकणं. साऱ्या बाजारात मला दारात उभं करणारे एकटे हमीदचाचा. माझा नुसता डिप्लोमा असूनही ते मला 'इंजिनेर' म्हणत, आणि मी कधी दुरुस्त केलं नाही.

ती वर्षं वाईट होती. कपाशी हाती लागत नव्हती, लागली तर भाव नव्हता, आणि पेपरच्या पहिल्या पानावर आमच्या वऱ्हाडाचं नाव कशासाठी येई ते सांगायला नको. दुकानात भाव विचारणारे वाढले होते, घेणारे आटले होते. वही भराभर भरत होती. अशात पंपाच्या कंपनीनं चाचांना कळवलं की दिवाळीपर्यंत विक्री वाढली नाही, तर एजन्सी दुसऱ्याला देऊ. पंचवीस वर्षांची एजन्सी. चाचांकडं दुसरं काही नव्हतं.

मी म्हणालो, "चाचा, वेबसाइट करा."

केली. पहिल्या पानावर पंपाचा फोटो टाकायचा सोडून चाचांनी मडक्याचं चित्र टाकायला लावलं आणि खाली 'या, बसा, पाणी घ्या'. किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडाही मी कोपऱ्यात लावला. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत दुकानात गेलो.

"किती आले?" चाचांनी विचारलं.

"सतरा." त्यात बारा वेळा मीच होतो, पण ते मी बोललो नाही.

"कोन कोन?"

"ते कळत नाही, चाचा."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "सतरा मानसं दारातून आली आन् गेली. कोनी नाव नाई इचारलं, गाव नाई इचारलं. तू मले दुकान लावून देल्लं का धरमशाळा?"

मी त्यांना समजावलं की पानावर एक फॉर्म ठेवता येतो. आलेल्यानं नाव, नंबर लिहिला की आपण त्याला फोन करायचा. याला शहरात 'लीड' म्हणतात, त्यावर जाडजाड पुस्तकं आहेत, त्यातलं एक मी निम्मं वाचलं आहे.

"म्हंजे माह्यी वहीच," चाचा म्हणाले, आणि फॉर्मातले प्रश्न सांगू लागले. नाव. गाव. कोणाचे. विहिरीला पाणी किती. घरी कोण कोण. तब्येती बऱ्या आहेत ना. चौदा प्रश्न झाले. महिनाभरात तो फॉर्म एकाच माणसानं भरला, धारणीकडच्या एका गुरुजींनी. रिकामी जागा दिसली की भरायचीच, ही मास्तरांची सवय. त्यांना फोनची रेंज फक्त टेकडीवर मिळे. चाचांनी फोन केला, तर गुरुजी टेकडीवर उभे आहेत एवढं कळताच "पहिले खाली उतर बाबा, पडशीन," म्हणून यांनीच फोन ठेवून दिला.

शेवटी मी चारच रकाने ठेवले. नाव, गाव, फोन, काय पाहिजे. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण चौकशा येऊ लागल्या. तेल्हाऱ्याच्या सायबर कॅफेतून, वरूडच्या संत्रावाल्यांकडून. त्या माझ्या मेलवर येत. मी कागदावर छापून मोपेडवरून दुकानात नेऊन देई, आणि चाचा अर्ध्या तासात फोन लावत. माणूस दारात उभा ठेवायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नियम एकच, "आधी हालहवाल, मंग माल." वरूडच्या माणसाशी संत्र्याचा आंबिया बहार, मृग बहार, त्याच्या आईचे गुडघे असं सगळं व्हायचं. मी समोरून हातानं पंप मारून दाखवायचो, की विषयावर या. चाचा मला हातानंच बसवायचे. फोन ठेवून म्हणायचे, "त्याच्या घरी लगन हाय. आता काय पंप इचारू?" आणि कागदावर लिहायचे, 'लग्न आहे. पंधरा दिवस पंपाचा विषय काढू नये.' दुसऱ्या एका कागदावर होतं, 'बैल गेला. नुसता फोन करावा.'

मी कपाळावर हात मारून घेई. पण खरी गोष्ट अशी की ती माणसं यायची. लग्न उरकल्यावर तो वरूडचा माणूस दोघा भावांना घेऊन आला आणि तीन पंप घेऊन गेला. दिवाळीपर्यंत विक्री वाढली. कंपनीचे साहेब स्वतः आले, पेढा खाल्ला आणि म्हणाले, एजन्सी तुमचीच. फक्त हे सगळे नंबर कंपनीला द्या. आमची मुलं शहरातून फोन करतील, बियाण्यांचे, औषधांचे, सगळेच.

"नंबर त्यानं मले देल्ला हाय, साहेब," चाचा म्हणाले.

साहेबांनी गोडीत सांगितलं की नंबर नाहीत तर एजन्सीही नाही. साहेब बाहेर गेल्यावर मीही गळ घातली, "द्या ना चाचा. काय फरक पडतो?"

"इंजिनेर, तुह्या घरी कोनी पानी प्याले आला, तं त्याचा पत्ता तू बजारात सांगशीन?"

एजन्सी गेली. मला चाचांचा फार राग आला. माझ्या आयुष्यातलं पहिलं यशस्वी काम त्यांनी एका वाक्यात बुडवलं, असंच मला वाटलं.

मग मी अमरावतीला आलो, धंदा वाढला, घर झालं. चाचांची वेबसाइट आळसापोटी तशीच चालू राहिली. कधीमधी चौकशी आली, तर मी फोनवर कळवायचो. चाचा त्या माणसाला फोन करून नव्या एजंटाचा पत्ता सांगत, अर्थात हालहवाल झाल्यावर. पुढं चौकशाही थांबल्या. चाची गेल्याचं कळलं तेव्हा जाऊन यायचं ठरवलं होतं. जमलं नाही. जमवलं नाही, हे खरं. त्यानंतर चाचांचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी "कामात आहे, नंतर करतो" म्हणालो.

एका दुपारी जुनी कामं आवरताना ती वेबसाइट बंद करायला बसलो. मेलमध्ये एक चौकशी पडून होती, अकरा दिवसांची.

नाव, शेख हमीद. गाव, अकोला. फोनचा रकानाही भरलेला, जसा काही मला तो नंबर पाठ नव्हता. काय पाहिजे, या रकान्यात लिहिलं होतं, 'काही नाही. फोन करावा.'

चाचांना माऊससुद्धा धरता येत नसे. म्हणजे ते कुठल्या तरी सायबर कॅफेची पायरी चढले होते, आणि कोणा अनोळखी माणसाकडून हे लिहून घेतलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी तिथूनच फोन लावला.

"चाचा, तुमची चौकशी आली होती."

पलीकडून चाचा शांतपणे म्हणाले, "अकरा दिवस लावले, इंजिनेर. मी तं त्याच दिवशी केला असता."