विन्स्टनचा उजवा पाय

आमच्या घाटंजीत लोक गाणं कानानं ऐकतात. शेजारचा विन्स्टन पायानं ऐकतो. रोज संध्याकाळी ओट्यावर स्पीकरचा भलामोठा खोका मांडतो, त्यावर उघडा उजवा पाय ठेवतो आणि आपल्या जमैकाचं रेगे लावतो. त्यातली ढमढम मोडक्या गुडघ्यात शिरली की दुखणं पळतं, असं त्याचं म्हणणं. इकडे माझी फळीवरची ताटं थरथरतात.

वीसेक वर्षांपूर्वी हा नागपूरला फुटबॉल खेळायला आला अन् गुडघा मोडून बसला. दवाखान्यात आमच्या शेजारची प्रतिभा नर्स होती. गुडघा नीट जुळला नाही, बाकी सगळं जुळलं. आता तो शाळेतल्या पोरींना खेळ शिकवतो. तिकडे जमैकात थोरल्या भावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, म्हणून पोरींना आधी अर्धा तास टाळ्या वाजवायला लावतो. "ठेका पयले, बॉल मंग!" गेल्या स्पर्धेत पोरी सपाटून हरल्या, पण ठेक्यात हरल्या.

आणि त्याच्या त्या कमरेपर्यंतच्या जटा!

तेव्हा मी पंचावन्नची, म्हणजे अक्कल यायची होती. गावोगाव फिरून, देवीच्या भीतीनं बायकांनी वाढवलेल्या जटा कापायची अन् प्रत्येक जटेमागे स्वतःला थोडी अधिक थोर समजायची. विन्स्टन राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कैची, खोबरेल तेल आणि भाषण घेऊन हजर. "भेऊ नको बापू, देवीचा कोप-बिप काही नसते!" तो मान डोलवत राहिला. मला वाटलं, पटलं. मराठीचा एक शब्द त्याला कळत नव्हता, हे माझ्या ध्यानातच नाही. कैची उचलली, ती मात्र कळली. मोडक्या गुडघ्यानं जो पळाला, तो थेट बाजारात!

मग प्रतिभानं सांगितलं, की त्या जटा त्याच्या आईनं अंगणात बसून, एकेक बट बोटांनी वळून घातलेल्या. पुढे वर्षभर मी दिसले की तो डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा.

गेल्या महिन्यात चार दिवस माझी ताटं हलली नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी विन्स्टन माझ्या ओट्यावर येऊन बसला. उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा स्वतःच सोडला.

"मावशी, कैची हाय नं?"

त्याची आई गेली होती. तिकडे जाणं जमलं नाही. तिला माती देताना त्यानं फोनवरच पाहिलं. त्यात प्रतिभाच्या काकानं ऐकवलं होतं, "माय गेली त लेकाले केस द्या लागते."

"मी तिच्यासाठी काहीच नाही केलं, मावशी. काप."

आयुष्यभर जटांच्या मागे धावलेली मी. आज एवढ्या जटा आपल्या पायांनी दारात आलेल्या, आणि माझा हात उचलेना.

"कायले कापतं रे? तिच्या हातचं तुझ्यापाशी आता येवढंच त हाय."

तो कानामागची एक बट मुठीत धरून बसला. मी आत जाऊन कैची ज्वारीच्या कोठीत टाकली. मग त्याच्या ओट्यावर जाऊन चप्पल काढली अन् माझा पाय खोक्यावर ठेवला.

"लाव. माहाही गुडघा दुखून राह्यला."

तो आला. त्यानं आपला पाय माझ्या पायाशेजारी ठेवला. त्याचा पाय थरथरत होता. गाणं अजून लागायचं होतं.