ठकीमावशीच्या वतीने विरोध

रस्ता सर्वांचा असतो. म्हणूनच तो गाडीवाल्यांच्या हवाली करावा लागतो. बाकीच्यांसाठी कडेचं गटार राखून ठेवलेलं आहे.

डहाणूच्या बाजाररस्त्यावर गाडी उभी करण्याचे पैसे घ्यावेत आणि त्यातून मासळीवाल्यांना बसायला-चालायला कडेने ओटा बांधावा, असा प्रस्ताव नगरपरिषदेत आला, तेव्हा ठकीमावशीला मनापासून बरं वाटलं. जवळच्या आगर गावाहून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती रोज चालत येते. हॉर्न वाजला की गटारात उतरायचं, गाडी गेली की वर यायचं, यालाच ती चालणं म्हणते. बसायची जागाही गटाराच्या काठावरच, तीसुद्धा तिथे कुणी गाडी लावेपर्यंत.

प्रस्ताव ऐकताच गाडीवाल्यांना गरिबांचा कळवळा आला. (हा कळवळा पेट्रोल महागलं की येतो, बोंबील महागले की येत नाही.) गाडी परवडेनाशी झाली तर गरीब मरेल, असं त्यांच्या बैठकीत ठरलं. बैठकीला गरीब कुणी नव्हतं. म्हणून प्रस्तावावरच्या सुनावणीच्या सकाळी हार्डवेअरवाले जतीनशेठ जातीने आगरला गेले आणि मावशीला गाडीत घालून घेऊन आले. सीटवर प्लास्टिक अंथरलं होतं.

रस्ता सरकारनेच फुकट द्यायचा असतो, असं शेठ वाटेत समजावत होते. सरकार तो पैसा मावशीच्या साबणावर आणि चपलांवर कर लावून आणतं, एवढा तपशील राहून गेला. (चालणाऱ्याच्या चपला लवकर झिजतात, त्यामुळे चपलांच्या करात मावशीचा वाटा शेठपेक्षा मोठा.)

सुनावणीत साहेबांनी मावशीला मत विचारलं. ती उभी राहिली.

"साहेब, आज पयल्यांदाच गाडीत बसले. आतून रस्ता केवढा मोठा दिसतो! हॉर्न मारला की मोकळाच होतो. मोकळा करणारी माणसं कुठं जातात, ते मात्र आतून दिसत नाय. चला, मी दाखवते."

साहेबांना पुढची बैठक होती. इतिवृत्तात नोंद झाली: 'गरीब महिला प्रतिनिधीने रस्ता मोठा असल्याचे मान्य केले. सबब ओट्याची आवश्यकता नाही.' टाळ्या पडल्या. शेठना तलासरीला काम निघालं, तेव्हा मावशी चालतच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन आली, तर तिच्या जागेवर गाडी. शेठची नव्हे, शेठवर उगाच आळ नको. आत एसी लावून कुणीतरी ही गोष्ट वाचत बसलं आहे, आणि मावशीची बाजू त्यांना अगदी पटलेली आहे.

पाटी जड आहे हो. वाचून झालं असेल, तर गाडी तेवढी काढता का?